बायोडाटा, पण लग्नाचा नाही

३१ जानेवारी, पुणे

आज माझाच एक्झिट इंटरव्ह्यू झाला. घेणारी साधना, माझ्याच हाताखाली तयार झालेली, आणि प्रश्नही मीच लिहिलेले. "कंपनी सोडण्याचं मुख्य कारण?" असं तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. इतकी वर्षं मी लोकांना हेच विचारत आले, आणि लोक "वैयक्तिक कारण" म्हणाले की मान डोलवून पुढे जात आले. आज मीही तेच सांगितलं.

खरं कारण असं की एचआरमध्ये राहून मी माणसांपेक्षा त्यांचे तक्ते जास्त पाहिले. मला माणसांना काम मिळवून द्यायचं आहे, तेही माझ्या वाशिमात. तिथली पोरं-पोरी काम नाही म्हणून पुण्याची गाडी धरतात आणि तिथलेच धंदेवाले माणूस मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. या दोघांची गाठ घालून द्यायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी मीच.

साहेब म्हणाले, "दरवाजा उघडा आहे, तनुजा." मी आभार मानले आणि बाहेर पडताना लावून घेतला.

५ फेब्रुवारी, घरी

आईने रडून घेतलं. आधी नोकरी सोडली म्हणून, मग चौतीस वर्षांची होऊन लग्न नाही म्हणून, मग मी वाळले म्हणून. "लोकाले काय सांगू वं? सुट्टीवर आली म्हनून सांगतो."

वाशिमच्या वेशीला लागून आमचा मळा आहे. बाबा भाजी पिकवतात आणि रोज सकाळी बाजारात नेतात. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्यांनी विचारलं, "आता काय करशीन?"

मी समजावलं, "बाबा, ज्याला माणूस पाहिजे त्याला माणूस, ज्याला काम पाहिजे त्याला काम."

"म्हंजे जुळवाचं."

"हो, जुळवायचं."

"बायोडाटा घ्या लागते त्याच्यासाठी?"

"घ्यावाच लागतो."

"बरं," म्हणाले आणि पुढची जुडी घेतली. त्या एका "बरं"मधून काय समजायचं? नाराज आहेत, एवढं मला कळतं.

१८ फेब्रुवारी

पुसद नाक्याजवळ एक गाळा घेतला. टेबल, तीन खुर्च्या, एक पंखा, तोही करकरतो. बोर्डावर लिहून घेतलं: "योग्य जागी योग्य माणूस. बायोडाटा घेऊन या." कार्डंही तेच छापून घेतली आणि खोकं घरी खिडकीत ठेवलं. उद्घाटनाला आई आली, नारळ फोडला, पेढे वाटले. बाबांना बाजार होता.

दिवसभरात दोघं आले. एकाला पाणी प्यायचं होतं, दुसऱ्याला झेरॉक्स काढायची होती.

२३ फेब्रुवारी

पहिला माणूस आला! आसेगावचे माणिकराव, पांढरं धोतर, काखेत पिशवी. पिशवीतून पोराचा बायोडाटा काढून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला. मी चष्मा लावून वाचायला घेतला.

उंची पाच फूट सात इंच. रंग निमगोरा. निर्व्यसनी. आठ एकर ओलीत. मामाचं कूळ अमुक. अपेक्षा: अनुरूप.

मी म्हटलं, "काका, हे काय आहे?"

"बायोडाटा. तुमीच त लिवलं न, घेऊन या." मग जरा पुढे वाकून हळूच, "पोरगी कशीबी चालते, बाई. फक्त हो म्हनाले पाह्यजे."

मी त्यांना चहा पाजला आणि हे वधू-वर सूचक मंडळ नाही, असं सांगितलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "मंग याले नोकरीच द्या न बाई. लग्न होईस्तोवर. नोकरी नाई म्हनून तं पोरगी भेटत नाई."

२७ फेब्रुवारी

आणखी सात जण. सगळे लग्नाचे. एक बाई तर मुलीचा फोटो घेऊन आली आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुमचं झालं नाई वाट्टे?" लोकांची लग्नं जुळवणारी स्वतः बिनलग्नाची, हे काही तिला पटलेलं दिसलं नाही.

ही अफवा कोण पसरवतंय ते सापडू दे फक्त. माझा संशय शेजारच्या झेरॉक्सवाल्यावर आहे.

४ मार्च

कार्डांचं खोकं अर्ध्यावर आलंय. मी तर मोजकीच वाटली. आईला विचारलं, तर तिला वाटलं मी चोरीचा आळ घेतेय, म्हणून एक वेळ जेवली नाही. उंदीर असावेत.

आज आलेल्या माणसाच्या हातातलं कार्ड ओलसर होतं आणि त्याला सांबाराचा वास येत होता. पुण्यात मी कोथिंबीर म्हणायला शिकले होते, पण नाक वऱ्हाडीच राहिलं. कुठे मिळालं विचारलं तर म्हणाला, "बाजारात." आता बाजारात माझी कार्डं रद्दीत विकली जातात की काय?

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पुन्याचा फोन आला काय?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं." त्यांना वाटतंय, मी परत जावं. सरळ म्हणत का नाहीत?

१० मार्च

हेमसिंग नावाचे गृहस्थ आले. रिसोड रस्त्यावर रिठदच्या अलीकडे त्यांचा हळदीचा कारखाना आहे. हळद वाळवून, घासून, दळून, पाकिटात भरून विकतात. पण आले ते मुलीचा, वैजयंतीचा, बायोडाटा घेऊन. मी हात जोडून माझं पाठ झालेलं भाषण दिलं.

ते खुर्चीत तसेच बसून राहिले. "म्हंजे तुमी कामाले मानसं देता? मंग मले पोरी द्या. प्याकिंगले. पगार टाइमावर, डबा खाले जागा, समदं हाये. पन पोरी टिकत नाई. पंधरा दिवस आली का गायब. काहून म्हनलं तं म्हनते, घरचं कारन."

घरचं कारण! म्हणजे आपलं वैयक्तिक कारण. मी खुर्चीत सरसावून बसले. मी म्हटलं, आधी गेलेल्या पोरी का गेल्या ते शोधते, मग नव्या देते. सीझनभर पोरी टिकल्या तर वर्षभर माणसं माझ्याकडूनच घ्यायची, असा शब्द झाला. तेवढा एक शब्द टिकला तर माझा गाळा टिकेल. नाहीतर साहेबांचा दरवाजा आहेच, आणि तो ठोठावायची वेळ मला येऊ द्यायची नाही.

१३ मार्च

पत्ते घेऊन स्कूटीवर फिरते आहे. सगळीकडे एकच: घरचं कारण. एकीची सासू, एकीचं शिवण, एकीचं डोकं दुखतं. मी तक्ता केला नाही, नुसतं ऐकून घेतलं. शेवटी अनसिंगला पोहोचले. दारात एक बाई ज्वारी पाखडत होती. "जयभीम ताई, बसा." ही भागिरथाबाई. तिची मुलगी पिंकी बारावी झालेली, चुणचुणीत, हेमसिंगच्या कारखान्यात तीन आठवडे होती.

"घरचंच कारन हाये," भागिरथाबाई म्हणाली आणि सूप आपटलं. पिंकी आतून फटकन बोलली, "सांग न आई! ताई, घरी आली का मी अशी पिवळीजर्द. हात पिवळे, मान पिवळी, वढनी पिवळी. आटोतून उतरली का गल्लीतल्या समद्या बाया, काय वं पिंके, हळद लागली काय? नवरदेव कोन? एक दिवस ठीक हाये. रोज?"

"पाव्हने येनार होते पाहाले," भागिरथाबाई म्हणाली. "थे आदल्या दिवशी बाजारात हिले पाह्यलं पिवळं, अन् उलटे गेले. म्हने, पोरीची हळद तं होऊन गेली, आमाले कायले दाखवता."

मी हसले आणि लगेच ओशाळले. त्या मायलेकी हसत नव्हत्या.

१४ मार्च

इतक्या पोरी गेल्या आणि कारण एवढंच: घरी जाण्याआधी अंग धुवायला जागा नाही. आणि हे मालकाला सांगायचं कुणी? पुरुषमाणसाला "आम्हाला आंघोळीला जागा द्या" असं कोणती पोर सांगेल! म्हणून घरचं कारण. मी किती जणींच्या "वैयक्तिक कारणा"वर मान डोलवली असेल, या विचाराने आज जेवण गेलं नाही.

१७ मार्च

हेमसिंगना सांगितलं: बायकांसाठी न्हाणीघर बांधा, पाणी, साबण, आणि कामावर घालायला अंगभर झगे. ते आधी हसले, मग चिडले. पण बांधायला तयार झाले. मग मी दुसरी अट घातली. पोरी कामाला लागण्याआधी त्यांचे आई-वडील कारखाना पाहायला येतील, हवं ते विचारतील, तुम्ही उत्तर द्यायचं.

"पाहाले येईन?" हेमसिंगच्या भुवया कपाळात गेल्या. "म्याडम, मी नोकरी देऊन राह्यलो का पोरगी मागून राह्यलो?"

"पोरगीच मागताय," मी म्हटलं. "दिवसभरासाठी."

ही कल्पना कुठून आली? त्या लग्नाच्या बायोडाट्यांतून. आपल्याकडे पोर देण्याआधी माणसं घर पाहायला जातात. विहीर पाहतात, गोठा पाहतात, शेजाऱ्यापाशी चौकशी करतात. आणि कामाला मात्र पोर डोळे मिटून पाठवायची? पुण्यात हे सांगितलं असतं तर हसले असते. हसू देत.

२९ मार्च

आज पाहणी झाली. टेम्पोतून पंधरा-वीस बाया आणि काही बाप्ये उतरले, सगळे धुवट कपड्यांत. हेमसिंगनी कुणी न सांगताच पोहे केले होते. सवयच तशी, पाहुणे आले की पोहे.

भागिरथाबाईने न्हाणीघराची कडी आतून लावून पाहिली, नळ सोडून पाहिला, वर खिडकी किती उंच आहे ते पाहिलं. मग बाहेर येऊन विचारलं, "सांजी पोरीले सोडते कोन? गाडीवाला दारू पेते काय?"

"नाई पेत," हेमसिंग म्हणाले. घाम पुसत होते बिचारे.

"घरच्या बाईले बलावा." आतून त्यांच्या बायको रंजीताबाई आल्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं. भागिरथाबाई म्हणाली, "पोरीवर लक्ष ठेवजा बाई." मग पोह्यांची बशी उचलली. पाहायला गेलेल्या घरी खाल्लं-प्यालं की पसंती समजतात, तसंच झालं. बारा पोरी कामाला लागल्या.

घरी येऊन सगळं सांगितलं. आई हसून हसून लोटपोट झाली. बाबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे हे कामाचं जुळवनं हाये?"

"मग कशाचं असणार?"

"नाई, तसं नाई," म्हणाले आणि घाईघाईने मोटर बंद करायला गेले. मोटर चालूच नव्हती. वय होत चाललंय.

६ एप्रिल

लग्नवाले यायचे अचानक थांबले! आता येतात ते खरे कामवाले. माणिकरावही आले, पोराला घेऊन. पोराला पंप दुरुस्ती येते, हे त्या बायोडाट्यात कुठेच नव्हतं. एका पंपाच्या दुकानात लागलासुद्धा. झेरॉक्सवाल्याला अक्कल आली म्हणायची.

१४ एप्रिल

साधनाचा फोन आला. माझ्या जागेवर घेतलेला माणूस सोडून गेला. साहेब विचारतात, येतेस का, वरच्या पदावर. महिनाअखेर सांग.

बाबांनी जेवताना विचारलं, "पुन्याचा फोन आला काय?" या वेळी हो म्हणावं लागलं. त्यांचा घास हातातच राहिला. "मंग?" मी म्हटलं, पाहते, महिनाअखेर सांगायचंय. ते भाकरी अर्धी ठेवून उठले. एवढी आशा लावून बसलेत माझ्या जाण्याची, की त्यांना जेवणही सुचेना.

२१ एप्रिल

सकाळी हेमसिंगचा फोन: "कुठी हायेत तुमच्या पोरी? ऐन सीझनमधी एक नाई आली!"

धावत गेले. न्हाणीघरात हळदीची पोती छतापर्यंत रचलेली. माल जास्त आला, गोदाम भरलं, म्हणून. पोरी काल संध्याकाळी तशाच पिवळ्या घरी गेल्या, आणि अनसिंगच्या गल्लीत काल तीन लग्नांच्या हळदी होत्या. हळदीला आलेली पोरं पिंकीच्या मागे वाजंत्री घेऊन तिच्या दारापर्यंत गेली.

"चार दिवसाचा सवाल हाये म्याडम," हेमसिंग म्हणाले. "या नाई येत तं दुसऱ्या आना. वर्साचं काम तुमालेच देतो, लिहून देतो."

लिहून देतो! हेच तर मला हवं होतं. हे हातात असतं तर पुण्याला नाही म्हणायला मला घाम फुटला नसता. मी पोत्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, "दुसऱ्या नाही आणणार. त्यांनाही दोन दिवसांनी घरचं कारण येईल. आणि मी त्यांच्या आयांना शब्द दिलाय."

"मंग आपलं जमत नाई."

"नाही जमत," म्हटलं आणि स्कूटीला लाथ मारली. ती तिसऱ्या लाथेला सुरू झाली. पाटणी चौकापर्यंत रडत आले, मग डोळे पुसले आणि गाळ्यावर जाऊन बसले. कुलूप लावणार नाही. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं पाहीन, पण शब्द मोडून मिळवलेलं काम मला नको.

२२ एप्रिल

भागिरथाबाईने फोन करून बोलावलं. "ताई, घर पाह्यलं तं मोडाले बी जा लागते. अशी सोयरीक फोनावर मोडत नसते." आम्ही चार-पाच जणी कारखान्यावर गेलो. ती फाटकाशी उभी राहिली, आत गेली नाही. हेमसिंग बाहेर आले. ती ओरडली नाही, पदर सावरून म्हणाली, "भाऊ, पाहाले आलो तवा घर येगळं दाखवलं तुमी."

एवढंच. पण हेमसिंगचा चेहराच उतरला. आपल्या भागात या बोलाइतकी नाचक्की दुसरी नाही. एका घराला हा बोल लागला की त्या घरी कुणी पोर देत नाही आणि त्या घरची पोर कुणी करत नाही.

"असं नका म्हनू बाई," ते म्हणाले. "माह्याही घरी पोरगी हाये. तिचंच पाहून राह्यलो." मग आत वळून हमालांना हाक मारली, आणि ते यायच्या आधी पहिलं पोतं स्वतःच पाठीवर घेतलं.

रंजीताबाई चहा घेऊन आल्या. भागिरथाबाईने नळ सोडून पाहिला, मगच चहा घेतला.

२७ एप्रिल

पोरी कामावर आहेत. न्हाणीघराला आता पोरींचं कुलूप आणि किल्ली पिंकीकडे. हेमसिंगनी वर्षभराचं काम माझ्याकडे दिलं, आणि वर त्यांच्या साडूच्या डाळमिलचंही पाहा म्हणाले, पाहणीसकट.

साधनाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तिने. मी म्हटलं, "लिही, काम आवडतं." तिच्या फॉर्ममध्ये तसा पर्याय नाही म्हणे.

आता फक्त बाबांना सांगायचं आहे. ते काही अजून जमलेलं नाही.

३० एप्रिल

बाबांचा पाय मुरगळला. म्हणून सकाळी भाजीची खोकी स्कूटीवर लादून मीच त्यांना बाजारात नेलं. त्यांना पोत्यावर बसवून मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि बाबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

वजनकाट्याशेजारी, दगडाखाली, माझी कार्डं होती. बाबांनी सांबाराची जुडी उचलली, एक कार्ड तिच्या दोरीत खोचलं आणि बाईच्या पिशवीत टाकलं.

"हे काय वो शालिकभाऊ?"

"माही पोरगी हाये. पुन्याची नोकरी सोडून आली. बायोडाटा जुळवते." मग घाईने, "कामाचा. लग्नाचा नाई."

मी तांब्या हातात धरून उभी होते. त्यांनी वर पाहिलं.

"बाबा, हे कधीपासून?"

"तू बोर्ड लावला तवापासून."

"मग ते लग्नवाले सगळे..."

"मले काय मालूम, बायोडाटा दोन परकारचा असते?" कार्डं सारखी करता करता त्यांनी खाली मान घातली. आणि खाली पाहतच विचारलं, "महिना सरला. पुन्याले कधी जातं?"

त्यांचा आवाज मी आजवर नीट ऐकलाच नव्हता. आज ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाही जात, बाबा. नाही म्हणून सांगितलं."

त्यांनी गळ्यातला शेला काढून काटा पुसला. एक पारडं पुसलं, मग दुसरं, मग परत पहिलं.

"बरं," म्हणाले. "मंग कार्डं आनखी छाप. हे सरत आले."

मी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या छापखान्याचं शटर उघडेपर्यंत त्यांच्या बाजूला पोत्यावर बसून राहिले.